फैजच्या स्वागताची जंगी तयारी

काम खरं म्हणजे अर्ध्या तासाचं होतं. दोन बाय तीन फुटांचा एक फलक, त्यावर 'शाब्बास फैज' एवढे दोन शब्द, आणि तो सोसायटीच्या गेटला सुतळीने बांधायचा. सिराज तांबोळी यांनी तेहतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावकचं टेबल सांभाळलं होतं. कुठलंही काम अर्ध्या तासात होत नसतं हे त्यांच्याइतकं धायरीत कुणाला ठाऊक असणार? तरीही ते या कामात पडले, कारण फैज त्यांचा मुलगा होता.

हा फैज तीन वर्षांपासून बेल्जियममध्ये होता आणि सायकल चालवण्याचा पगार घेत होता. सायकल चालवायला पगार मिळतो हे सोसायटीत कुणाला पटायचं नाही, म्हणून सिराजभाई बरेच दिवस 'तिकडे कंपनीत आहे' एवढंच सांगत. पण या जानेवारीत पुण्यातच मोठी आंतरराष्ट्रीय शर्यत भरणार असं ठरलं, पेपरात नकाशा आला, आणि तिसऱ्या दिवसाची रेघ थेट धायरीतून, सोसायटीच्या गेटासमोरून गेलेली निघाली. त्याच संध्याकाळी फैजचा फोन आला.

"अब्बा, आपल्या दारावरूनच जातोय आम्ही. थांबता येणार नाही. पण तुम्ही आणि अम्मी गेटपाशी उभे राहा. मी बघीन तुम्हाला. तीन वर्षं झाली."

"उभे राहू म्हणजे काय, राहणारच," सिराजभाई म्हणाले. मग त्यांनी आपल्या सवयीप्रमाणे सगळा तपशील विचारून घेतला, आणि तिथेच पहिला खडा लागला.

"आमच्या टीममध्ये सहा जण," फैज म्हणाला. "पाच जणांनी राबायचं, एकाने जिंकायचं. आमचा कॅप्टन योरिस. मी राबणाऱ्यांतला. मागच्या गाडीतून सगळ्यांसाठी पाणी आणायचं, वारा असला की योरिसच्या पुढे राहून तो अंगावर घ्यायचा, त्याची सायकल पंक्चर झाली तर आपली द्यायची."

"म्हणजे शिपाई."

"शिपाई नाही, अब्बा. करार असतो, पगार असतो."

"पगार शिपायालाही असतो. आणि भारताची टीम?"

"ती वेगळी. सहा मुलं आहेत, चांगली आहेत. मी त्यांच्यात नाही. सायकलीत देश वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी येतो, बाकी वर्षभर आपली टीम. तिकडे योरिसच्या गावातले म्हातारे रस्त्यावर खडूने माझं नाव लिहितात, माहितीये? मी कधीच जिंकत नाही, तरी लिहितात. एक आजी तर 'फेज, फेज' ओरडत चढावर शेजारून पळते."

हे ऐकून सिराजभाईंना बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. बेल्जियममधली एक म्हातारी आपल्या मुलामागे पळते, आणि आपल्या बिल्डिंगमध्ये तो कोण आहे हे कुणाला धड माहीत नाही. फलकाची कल्पना या वाईट वाटण्यातून निघाली.

इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी. तांबोळी कुटुंब कसबा पेठेतलं, चार पिढ्यांचं. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी धायरीत फ्लॅट घेतला. सोसायटीत मुसलमानाचं घर हे एकच. या अकरा वर्षांत कुणी त्यांना वावगा शब्द बोललं नव्हतं, आणि हीच सिराजभाईंची पंचाईत होती, कारण कुणी काही बोललं असतं तर त्यांना उत्तर तरी देता आलं असतं. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ते अकरा वर्षं देत आले होते. पाकिस्तानशी क्रिकेटचा सामना असला की ते फ्लॅटचं दार सताड उघडं ठेवत आणि टीव्हीचा आवाज वाढवत, म्हणजे भारताने चौकार मारला की त्यांची टाळी जिन्यात ऐकू जावी. नसीमबानूंना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नसे, पण टाळी कधी वाजवायची हे त्यांना नवऱ्याने शिकवून ठेवलं होतं. एकदा त्यांनी चुकून भलत्याच विकेटला टाळी वाजवली, तर सिराजभाई दोन दिवस लिफ्टने न जाता जिन्याने जात होते.

तर फलकाची परवानगी मागायला ते सोसायटीचे चेअरमन बापूराव पोकळे यांच्याकडे गेले. बापूराव मूळचे धायरीचेच, ज्या जमिनीवर सोसायटी उभी होती तिथे त्यांच्या वडिलांचा गोठा होता. मन मोठं आणि आवाज त्याहून मोठा.

"दोन बाय तीन?" बापूराव ओरडले. "तांबोळीसायेब, पोरगं देशासाठी खेळतंय आन् तुम्ही काय 'कुत्र्यापासून सावध राहा'ची पाटी लावताय व्हय? वीस बाय दहा करा! सोसायटी देईल खर्च."

'देशासाठी' या शब्दाशी सिराजभाई अडखळले. 'तसं नाही, बापूराव' एवढं म्हणायला एक श्वास पुरला असता. तो त्यांनी घेतलासुद्धा. पण बापूरावांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला, असा अकरा वर्षांत कधी टाकला नव्हता, आणि आतल्या दिशेने ओरडून सांगितलं, "चहा टाका गं, आपल्या फैजचे वडील आलेत!" सिराजभाईंनी तो श्वास चहावर फुंकर घालण्यात खर्च केला.

आता फ्लेक्स वीस बाय दहाचा म्हटल्यावर त्यात फैज एकटा कसा दिसणार? शुभेच्छुक हवेत. पुण्यातला फ्लेक्स शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांशिवाय पूर्ण होत नाही, कारण तो ज्याच्यासाठी लावतात त्याच्यापेक्षा जे लावतात त्यांच्यासाठी असतो. अठ्ठावीस सभासदांचे फोटो जमा झाले. कोणाचा गोल मोठा, कोण वरच्या ओळीत, यावर तीन सभा झाल्या. खजिनदारांनी स्वतःचा पंधरा वर्षांपूर्वीचा, केस असतानाचा फोटो दिला आणि त्यांना कोणी ओळखेना म्हणून खाली नाव टाकायचं ठरलं. मग सगळ्यांनाच नाव हवं झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या शैलाताई सबनीस तेवढ्या म्हणाल्या, "माझा फोटो नको. मी अजून जिवंत आहे."

फ्लेक्सवाला बुद्धभूषण, धायरी फाट्यावर दुकान, वय सव्वीस. त्याने फैजचा फोटो स्क्रीनवर उघडला. पिवळा-काळा शर्ट, छातीवर बेल्जियममधल्या कुठल्याशा रंगाच्या कंपनीचं नाव.

"ह्यो कुठल्या देशाचा शर्ट?" बापूरावांनी विचारलं.

बुद्धभूषणने सिराजभाईंकडे पाहिलं. सिराजभाईंनी दुकानाबाहेर पाहिलं. बाहेर काही पाहण्यासारखं नव्हतं.

"काका, तिरंगा मारू का? पाच मिनिटांचं एडिट आहे," बुद्धभूषण म्हणाला. "तसाही यलो फ्लेक्सवर डल येतो."

"मारा," सिराजभाई म्हणाले. पाच मिनिटांत बेल्जियमची रंगकंपनी गेली आणि फैज भारताचा झाला.

राहिली सरकारी परवानगी. त्या कार्यालयाचं नाव सांगण्यात अर्थ नाही, त्यातली टेबलं सगळीकडे सारखीच असतात. अर्जात 'फलकाचे प्रयोजन' असा रकाना होता आणि त्याखाली पर्याय: वाढदिवस, नियुक्ती/निवड, श्रद्धांजली, धार्मिक. सायकलीने दारावरून जाणे हा पर्याय नव्हता.

"वाढदिवस लिहा," टेबलामागचे गृहस्थ म्हणाले.

"त्याचा वाढदिवस जूनमध्ये असतो."

"मग श्रद्धांजली चालणार नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "निवड लिहा. कशात निवड झाली?"

"टीममध्ये. पण ती टीम म्हणजे..."

"भारतीय संघात निवड," त्यांनी स्वतःच लिहिलं. "आता एक लक्षात ठेवा. परवानगीत जो मजकूर तोच फलकावर पाहिजे. फरक आढळला तर काढून नेऊ. उद्या या."

हे 'उद्या या' सिराजभाईंनी बरोबर ओळखलं. तेहतीस वर्षं ते स्वतः याच सुरात म्हणत आले होते, ना तुसडेपणाने ना आपुलकीने. मात्र तेहतीस वर्षांत खोटी नोंद त्यांनी एकही केली नव्हती. चौथ्या 'उद्या'ला अर्जाखाली सही करण्याआधी त्यांनी तो मजकूर तीनदा वाचला, आणि गृहस्थांना वाटलं, म्हाताऱ्याला नीट दिसत नाही. फ्लेक्सवर ओळ चढली: 'भारतीय संघात निवड झाल्याबद्दल फैज तांबोळी यांचे हार्दिक अभिनंदन!' तिला सरकारी शिक्काही होता.

"अहो, सांगून टाका एकदाचं," नसीमबानू रोज म्हणत. "पोरानं चोरी केलीय का? कष्टाचं खातोय."

"आता कसं सांगणार? परवानगी निवडीची आहे."

शर्यतीच्या आदल्या दिवशी जिन्यात शैलाताई भेटल्या. हातात पेपर.

"तांबोळी, भारतीय संघाची सहा नावं आलीयेत. फैजचं दिसत नाही."

"छपाईत राहिलं असेल."

शैलाताईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "असेल," त्या म्हणाल्या. "पेपरवाले हल्ली काहीही गाळतात." पेपराची घडी घालून त्या वर गेल्या, आणि त्यांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. त्यांनी सांगितली असती तर फार बरं झालं असतं.

दरम्यान धायरीचा रस्ता कुणाला ओळखू येईना. ज्या खड्ड्यांसाठी सोसायटीने नऊ वर्षं अर्ज केले होते ते दोन रात्रीत बुजले. ज्या गतिरोधकासाठी सात वर्षं भांडून तो गेल्याच दिवाळीत मिळवला होता, तोही त्याच झपाट्यात खरवडून काढला. दुभाजकाला रंग लागला. शर्यतीच्या दिवशी सकाळी आठलाच पोलिसांनी रस्ता बंद केला आणि दूध, कामवाल्या बायका आणि ऑफिसला निघालेले सगळे जिथल्या तिथे अडकले. त्यामुळे गर्दी मात्र अपेक्षेच्या तिप्पट जमली.

गेटावर वीस बाय दहाचा फ्लेक्स. खाली दोन ताशे. बापूरावांच्या हातात झेंडूचा पाच किलोचा हार. ताशी पन्नासच्या वेगाने जाणाऱ्या माणसाला हार कसा घालायचा, हा प्रश्न कुणी काढला की बापूराव म्हणत, "घर आल्यावर सलो करंलच की." सिराजभाईंच्या अंगावर नवा कुर्ता, खिशाला तिरंग्याचा बिल्ला. सकाळपासून चाळीस माणसांनी त्यांचा हात हातात घेऊन हलवला होता. एका अनोळखी माणसाने आपल्या लहान मुलाला त्यांच्या पाया पडायला लावलं होतं. खोटं सांगायचं कशाला, सिराजभाईंना हे फार आवडलं. पेपरातली ती सहा नावं आठवत होती, तरी आवडलं. एवढी माणसं आपली आहेत असं त्यांना आजवर कधी वाटलं नव्हतं.

पावणेबाराला लांबून आरडाओरडा ऐकू आला. आधी पोलिसांच्या मोटरसायकली, आणि त्यांच्यामागे एकटा एक सायकलस्वार. अंगात तिरंगी शर्ट. भारताचा मुलगा सगळ्यांच्या पुढे!

गर्दीचा नुसता कल्लोळ झाला. बापूराव हार घेऊन रस्त्यावर धावले, त्यांना हवालदाराने दंडाला धरून मागे ओढलं. "आला आपला फैज!"

"हा फैज नव्हे," सिराजभाई कसेबसे म्हणाले.

"नसू दे! आपलाच हाय!" बापूरावांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मिनिटभरात मागून मोठा घोळका आला, शंभरेक सायकली, चाकांचा घोंगावणारा आवाज. घोळक्याच्या तोंडाशी पिवळे-काळे शर्ट होते. त्या पुढच्या एकट्या पोराला गाठण्यासाठी ते जीव खाऊन सायकली हाणत होते, आणि त्यात अगदी पुढे, मान खाली घालून सगळा वारा छातीवर घेणाऱ्याला सिराजभाईंनी लांबूनच ओळखलं. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर रुंद काळा चष्मा, गालांवर दाढी आणि दाढीत धूळ. पण डावा खांदा किंचित खाली. चौदाव्या वर्षी कात्रजच्या घाटात पडून मोडलेला.

फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. घोळक्यात एक हात वर गेला. योरिसचं पुढचं चाक बसलं होतं. फैजने मागे वळून पाहिलं, सायकल कडेला घेतली आणि करकचून ब्रेक लावले, बरोबर सोसायटीच्या गेटासमोर, वीस बाय दहाच्या फ्लेक्सखाली. तो उतरला, आपली सायकल योरिसच्या हाती दिली, त्याच्या पाठीला दोन्ही हात लावून त्याला ढकललं, आणि वीस पावलं तसाच ढकलत पळाला. योरिस गेला. फैज चालत परत आला आणि चपट्या चाकाची सायकल धरून टीमच्या गाडीची वाट पाहत उभा राहिला. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. सिराजभाई आणि तो यांच्यात दहा फुटांचं अंतर होतं.

त्याने आपलं काम अगदी चोख केलं होतं. फोनवर सांगितलं होतं तसंच.

गर्दीतल्या माना फैजकडे वळल्या. मग कुणीतरी म्हणालं, "सायकल दिली?"

"आपल्या पोराला धरायला गोऱ्याला सायकल दिली!"

"अरे, हा तर आपल्याकडचाच दिसतोय तोंडावरून."

"पैसे चारले असतील."

"गद्दार!" हे मागून आलं. मग ते दोनदा आलं, मग ताशाच्या ठेक्यावर आलं. एक रिकामी बाटली येऊन फैजच्या पायाशी पडली. बापूराव लाल झाले होते. "लाज न्हाय वाटत व्हय रं?" ते त्याच्यावर ओरडले. हार त्यांच्या हातातच होता.

वर फ्लेक्सवर तिरंगी शर्टातला फैज हसत होता. खालच्या फैजला कुणीही ओळखलं नव्हतं.

नसीमबानू एक पाऊल पुढे झाल्या. सिराजभाईंनी त्यांचं मनगट धरलं. त्यांना स्वतःलाही कळलं नाही इतक्या जोराने धरलं. त्यांच्या डोक्यात त्या क्षणी एकच गोष्ट होती: या जागी दुसऱ्या कुणाचा मुलगा असता तर लोक त्याला मूर्ख म्हणाले असते आणि संध्याकाळी विसरले असते.

फैजने बापाला पाहिलं. दमलेल्या चेहऱ्यावर हसू आलं, आणि चष्मा वर करायला त्याने हात उचलला.

"तांबोळीसायेब," बापूरावांनी मागे वळून विचारलं, "आपला फैज कुठाय वो? ह्या घोळक्यात तर दिसला न्हाय."

सगळे सिराजभाईंकडे पाहू लागले. फैजही पाहत होता. त्याचा हात चष्म्यापाशी थांबला होता.

"मागे असेल," सिराजभाई म्हणाले. आवाज स्वच्छ होता, दहा फुटांवर सहज पोहोचेल असा. "येईल."

फैजने हात खाली घेतला. चष्मा काढला नाही. तेवढ्यात पिवळी गाडी आली, एक माणूस टपावरची सायकल उतरवून त्याच्यासमोर धरून उभा राहिला, फैज तिच्यावर बसला आणि मागे न बघता गेला. मागून कुणीतरी शीळ घातली.

नसीमबानूंनी आपलं मनगट सोडवून घेतलं. त्यावर चार बोटं उठली होती. त्या गर्दीतून वाट काढत आत गेल्या. लिफ्टपाशी उभ्या न राहता जिना चढू लागल्या, आणि त्या पहिल्या मजल्यावर पोहोचेपर्यंत त्यांचा हुंदका खाली ऐकू येत होता. सिराजभाईंना त्यांच्यामागे जायचं होतं. पण बापूरावांनी त्यांना पुढे ओढून रस्त्याच्या कडेला, सगळ्यांना दिसेल असं उभं केलं.

मागे पडलेले तिघे आले. ते तिघेही परदेशी निघाले. रुग्णवाहिका गेली. आयोजकांची शेवटची गाडी गेली, तिच्या काचेवर 'शर्यत समाप्त' असा कागद होता. हवालदार अडथळे हलवायला लागला, तसे बापूराव त्याच्यावर धावून गेले.

"ए, थांब! रस्ता खोलू नको! आमचा फैज यायचाय अजून!"

"गेले सगळे, काका."

"न्हाय गेले. बाप हितं हुबा हाय त्याचा!"

हवालदाराने सिराजभाईंकडे पाहिलं. शैलाताई गेटापाशी छत्री उघडून उभ्या होत्या. 

"थांबा हो पाच मिनिटं," त्या हवालदाराला म्हणाल्या. "वडील म्हणतायत ना, येईल म्हणून."

ताशेवाल्यांनी पुन्हा काठ्या उचलल्या. हार धरून धरून हात भरून आला म्हणून बापूरावांनी तो सिराजभाईंच्या हातात दिला. सिराजभाईंनी तो घेतला, आणि रिकाम्या रस्त्याकडे डोळे लावून चाळीस माणसांबरोबर ते मुलाची वाट पाहत उभे राहिले.